उद्योजक वडिलांची आठवण कशी लिहायची? (निमित्त : लक्ष्मणराव किर्लोस्कर)

चाफेकळी :
बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांची बिडाच्या ओतकामाची फाउंड्री होती, पन्नास-साठ माणसं कामाला. औद्योगिक वसाहतीच्या संघटनेतही त्यांनी बरीच वर्षं काम केलं. आता संघटना आणि कारखान्यातली मंडळी मिळून एक छोटी स्मरणिका काढणार आहेत आणि पहिला लेख मी लिहायचा असं ठरलंय. दादाने मजकूर पाठवलाय : कारखाना कधी सुरू केला, कुठली पदं भूषवली, कुठे सत्कार झाले. शेवटी एक ओळ आहे, 'ते अत्यंत कुटुंबवत्सल होते.' त्या ओळीपाशी मी तीन आठवडे अडकून बसले आहे.

ती ओळ खोटी आहे असं नाही. पण बाबा सकाळी साडेसातला जायचे ते रात्री नऊला यायचे. पालकसभेला कधी आले नाहीत. मी कितवीत आहे असं कुणी विचारलं तर आईकडे बघायचे. तरीही मला ती ओळ खरी वाटते, आणि का वाटते ते लिहिता येत नाही. बाबांच्या माझ्या आठवणी जवळजवळ सगळ्या कारखान्यातल्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आई मला तिथे सोडायची. कपोला चालू असायचा. त्या भट्टीतून वितळलेल्या बिडाचा रस काढताना बाबा मला लांब उभं करायचे आणि रंग विचारायचे. नारिंगी म्हटलं की "अजून थंड आहे", पिवळसर पांढरा म्हटलं की "आता चालेल". बस, एवढंच बोलणं.

सध्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगरांचा कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचतेय. त्यांचं घर आणि कारखाना एकाच माळावर होते. त्यांच्या मुलांना वडील कसे भेटले असतील, हा विचार डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी कुणी असं लिहिलंय का? वडील आणि मालक वेगळे करता येतात का?

वाचनवेडा :
धागा काढलात ते फार बरं केलंत. आधी सांत्वन, उशिरा का होईना.

लक्ष्मणरावांबद्दल एक गोष्ट सांगतो, तुमच्या रंगांवरून आठवली. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकायला गेले आणि तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटलं. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईतल्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या धंद्यात शिरले.

यात वडिलांचा भाग असा, की त्यांचे स्वतःचे वडील काशिनाथपंत वेदान्ती. मुलाने यंत्राबिंत्रांच्या मागे लागावं हे त्यांना रुचणारं नव्हतं. पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामुअण्णा. म्हणजे लक्ष्मणरावांना स्वतःला 'वडील' मिळाले ते भावाच्या रूपात. अशा माणसाने पुढे बाप म्हणून काय केलं असेल, हे बघण्यासारखं आहे. सविस्तर रात्री लिहितो.

पानगळ :
कडू लिहितोय, राग मानू नका. 'कुटुंबवत्सल' लिहू नका.

माझ्या वडिलांची शोकसभा झाली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. एकामागून एक सात जण बोलले. सगळ्यांचं म्हणणं एकच : साहेब आम्हाला बापासारखे होते. कुणाच्या मुलीच्या लग्नाला उभे राहिले, कुणाला दवाखान्यात रात्रभर सोबत केली. मी ऐकत होतो आणि मला एवढंच दिसत होतं की हे सगळं ज्या वेळात झालं तो वेळ आमच्या घरातून गेलेला होता. माझी मुंज, बहिणीचं आजारपण, आईचं ऑपरेशन, सगळीकडे काका उभे. वडिलांवर माझं प्रेम होतं, आजही आहे. पण स्मरणिकेत त्या ओळीखाली माझं नाव असतं तर मला ते जड गेलं असतं. जे होतं तेच लिहा.

जुना_फिटर :
पानगळ, तुमचं दुःख समजतं. पण त्या सात जणांपैकी एक मी असू शकलो असतो, म्हणून लिहितो.

एकतीस वर्षं फाउंड्रीत काढली. आमचे मालक चिडके. कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूमुळे पडलेली भोकं) निघाली की आवाज गेटपर्यंत जायचा. पण माझा हात भाजला तेव्हा त्यांनी स्वतः गाडी काढली, आणि बरा होऊन आलो तर मला कोअर (साच्यात बसवायचे गाभे) बनवायच्या टेबलावर बसवलं, भट्टीपाशी जाऊ दिलं नाही. पगार तोच ठेवला. माझी मुलं त्या पगारावर शिकली. आता ते माझ्यासाठी कोण होते ते मी सांगणार, त्यांच्या मुलाने ऐकायचं की नाही ते तो ठरवील. दोघांचं खरं असू शकतं.

चाफेकळीताई, तुमच्या वडिलांच्या जुन्या माणसांना भेटा. घरी बसून लेख होणार नाही.

गावकरी_९ :
+1 फिटरदादा. विशेषतः पॅटर्न शॉपवाल्यांना, म्हणजे साच्यांसाठी लाकडी नमुने बनवणाऱ्यांना भेटा. लाकडात काम करणारी माणसं भरपूर बोलतात, भट्टीवाल्यांना आवाजामुळे गप्प राहायची सवय लागलेली असते. :)

कृष्णाकाठ :
मी पलूस तालुक्यातला, किर्लोस्करवाडी आमच्या अंगणासारखी. त्यामुळे थोडं हक्काने लिहितो.

बेळगावातून उठावं लागलं तेव्हा लक्ष्मणरावांकडे धड जागाही नव्हती. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, वर भांडवलाला मदत केली. 1910 च्या मार्चात वसाहत सुरू झाली. निवडुंग, साप, पाण्याची ओरड. कामगार आले ते बायकामुलांसह. शांतनुराव थोरले, जन्म 1903 चा, म्हणजे माळावर आले तेव्हा सातव्या वर्षात. त्या पोराने बाप कसा पाहिला? निवडुंग तोडताना, साचे भरताना, शेतकऱ्याशी वाद घालताना. 'बाबा कामावर गेले' हे वाक्य त्या घरात कुणी म्हणत असेल असं मला वाटत नाही. काम दाराबाहेरच होतं.

आणि पहाऱ्याची गोष्ट. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. हे आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात. मला यात नेहमी एक वेगळीच गोष्ट दिसते : त्या पहाऱ्यात त्यांची स्वतःची लेकरं झोपलेली असायची. तिजोरीवर विश्वास ठेवणं सोपं, हे अवघड.

वाचनवेडा :
रात्री लिहितो म्हटलं होतं, दोन रात्री गेल्या.

कृष्णाकाठ, 1903 हे साल फार बोलकं आहे. थोरला मुलगा जन्मला त्याच वर्षी पहिला लोखंडी नांगर तयार झाला. त्याआधी कडबा कापायचं यंत्र झालं होतं. नांगर मात्र पडून राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, शेतकरी हात लावेनात. घरात तान्हं मूल आणि अंगणात न विकलेले नांगर. ही माणसं पुढे 'महान' होतात तेव्हा आपण हा काळ दोन ओळींत उरकतो. ज्या घरात तो काळ गेला त्या घराला मात्र तो दिवसांनी मोजावा लागला असणार.

मुलाच्या बाबतीत : 1922 साली शांतनुरावांना अमेरिकेला एमआयटीत पाठवलं, सोबत चुलतभाऊ माधव. माळावरच्या कारखान्यातून एकदम बोस्टनच्या शेजारी. 1926 मध्ये शांतनुराव यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. माधव क्षयाने गेला. दोन मुलं पाठवली आणि एकच परत आलं, हे त्या एकत्र घराने कसं सोसलं असेल? कारखान्याच्या इतिहासात ही ओळ पटकन ओलांडली जाते. मला ओलांडता येत नाही.

माईची_लेक :
एवढ्या चर्चेत एकाही बाईचं नाव आलं नाही. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई. त्या माळावर संसार त्यांनी मांडला. मूल आजारी पडलं तर जवळ कोण होतं? पाहुणा, कारागीर, शेतकरी वेळी-अवेळी आला तर उठायचं कुणी?

चाफेकळी, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर आहे. 'शनिवारी आई मला तिथे सोडायची.' बाबा भेटत होते कारण आई नेऊन सोडत होती. माझ्या घरीही हेच. पप्पा ट्रान्सपोर्टवाले. ते पंधरा दिवसांनी आले की आई आम्हाला आधीच सांगून ठेवायची, त्यांना काय काय सांगायचं ते. धाकट्याचा दात पडला, मला चित्राला बक्षीस मिळालं. आम्ही सांगायचो आणि पप्पांचा चेहरा उजळायचा. मोठेपणी कळलं की ती भेट आईने रचलेली असायची. लेखात आईला जागा द्या. नुसतं 'खंबीर साथ' म्हणून सोडून देऊ नका.

पानगळ :
माईची_लेक, हे वाचून थांबलो. आमच्या घरी आईने असं काही रचलं नाही. तिने मुकाट्याने सगळं एकटीने केलं. कदाचित तिलाही राग असेल. विचारायचं राहून गेलं.

हिशेबनीस :
चाळीस वर्षं छोट्या-मध्यम कारखान्यांचे हिशेब लिहितो आहे. मालक घरी काय बोलतो ते मला माहीत नसतं, पण त्याच्या कागदांवर मी रोज असतो. तिथून दिसलेलं सांगतो.

कारखान्याला कर्ज घेताना बँक मालकाची वैयक्तिक हमी मागते आणि बऱ्याचदा राहतं घर तारण मागते. धंदा बुडाला तर घर जातं. या टेबलावर माणूस कळतो. एक जण बेधडक घर लिहून देतो आणि बायकोला सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवतो. दुसरा सहा महिने मोठी ऑर्डर नाकारतो, कारण ती घ्यायची तर घर तारण ठेवावं लागतं. या दुसऱ्याचं नाव कुठल्या सत्काराच्या यादीत येत नाही. त्याचा कारखाना लहान राहतो, मुलांना वाटतं वडिलांना मोठं होता आलं नाही. पहिला वाईट बाप असतो असंही नाही हं. त्यातल्या एकाने घर लिहून दिलं त्या रात्री मला फोन करून तासभर मुलीच्याच भविष्याबद्दल बोलत होता.

चाफेकळी, जुनी कागदपत्रं मिळाली तर बघा. विम्याचं नामनिर्देशन कुणाच्या नावे, घर कधी तारण गेलं, कधी सुटलं. संघटनेच्या पदांपेक्षा यात तुमचे बाबा जास्त सापडतील.

सदाफुली :
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. जमनालाल बजाज यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. वर्ध्याचे मोठे व्यापारी, 1889 ते 1942. इंग्रजांनी दिलेला रायबहादूर किताब त्यांनी परत केला, 1928 साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. गांधीजी त्यांना पाचवा मुलगा मानायचे. स्वतः बाप असलेल्या, भरल्या घरातल्या माणसाने दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा व्हायचं मागून घेतलं. आणि आपली मुलं विनोबांकडे, आश्रमाच्या शिस्तीत शिकायला ठेवली. पैसा असूनही मुलांना साधेपणात वाढवणं ही मला बापपणाची फार मोठी खूण वाटते.

पानगळ :
किंवा आपलं व्रत मुलांवर लादणं. मुलांना कुणी विचारलं होतं का?

सदाफुली :
लहान मुलाला कोण विचारतं? गर्भश्रीमंतीत वाढवतानाही विचारत नाहीत. दोन्हीकडे बापच निवडतो. निदान जमनालालांनी स्वतः आधी सोडलं, मग मुलांना सांगितलं. कमलनयन आणि रामकृष्ण दोघांनी पुढे उद्योग सांभाळला, कन्या मदालसा विनोबांच्या सहवासात वाढल्या. माझ्या वाचनात तरी त्यांचा वडिलांबद्दलचा सूर तक्रारीचा नाही.

पानगळ :
मान्य, 'आधी स्वतः सोडलं' हा मुद्दा मोठा आहे. माझ्या वडिलांनीही स्वतःसाठी कधी काही घेतलं नाही. एकच घड्याळ आयुष्यभर. हे मी आत्ता पहिल्यांदा लिहितोय.

जुना_फिटर :
लिहा साहेब. थांबू नका.

कृष्णाकाठ :
वाचनवेडांनी 1922 सांगितलं, मी 1948 सांगतो. गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली तीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षांत उभं केलेलं डोळ्यांदेखत. तोवर मुलं कर्ती झालेली होती, हरिहर, बंगळूर, पुणे असा पसारा वाढला होता. वाडी पुन्हा उभी राहिली. लक्ष्मणराव गेले 1956 साली, म्हणजे उभी राहिलेली पाहून गेले.

मला विचाराल तर बाप म्हणून त्यांची कमाई इथे दिसते. जळालेल्या कारखान्यासमोर म्हातारा बाप एकटा नव्हता. ज्या पोरांना त्याने माळावर निवडुंगात वाढवलं त्यांना राखेतून सुरुवात करणं नवीन नव्हतं.

गावकरी_९ :
हे वाचून अंगावर काटा आला. आमचे आजोबा त्या वर्षी दुसऱ्या गावात जळालेल्या घराच्या ओट्यावर बसून राहिले होते म्हणे, आठ दिवस. त्यांना उठवायला कुणी नव्हतं.

वाचनवेडा :
अजून एक भर. वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं 1920 साली, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या हातून. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग 'स्त्री' आणि 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून मासिकं निघतात, कारण घरातल्या एका मुलाचा ओढा तिकडे होता आणि मोठ्यांनी त्याला जागा दिली. ज्यांचं स्वतःचं चित्रकार होणं राहून गेलं, त्यांनी पुतण्याला लेखणी-कुंचला घेऊन त्याच माळावर बसू दिलं. चाफेकळी, 'कुटुंबवत्सल' हा शब्द लिहायचाच असेल तर त्याच्या पोटात असं काहीतरी असायला हवं.

चाफेकळी :
सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. फिटरदादांचं ऐकलं. रविवारी आमच्या जुन्या फोरमनकाकांकडे गेले. आता पंच्याहत्तरीचे आहेत, ऐकायला कमी येतं. स्मरणिकेचं सांगितलं तर आधी अर्धा तास बाबांच्या रागाबद्दलच बोलले. एका मोल्डरला (साचे भरणाऱ्या कामगाराला) बाबांनी सगळ्यांसमोर घालवून दिलं होतं आणि दोन दिवसांनी त्याच्या घरी जाऊन परत आणलं, पण माफी मागितली नाही. "तेवढं त्यांना जमायचं नाही," म्हणाले.

मग मी सहज म्हटलं, काका, मी शनिवारी यायचे तेव्हा नेमका कपोला चालू असायचा. ते हसले. म्हणाले, "नेमका कसला? बाकीच्या दिवशी भट्टी सकाळी लागायची. शनिवारी तुझी शाळा सुटेपर्यंत साहेब ब्लोअर सुरू करू द्यायचे नाहीत. साचे सकाळीच भरून तयार असायचे आणि आम्ही बसून. रस संपून भट्टीचा तळ पाडेपर्यंत संध्याकाळ व्हायची. बाकी वसाहत दुपारी घरी, आम्ही सहाला."

किती वर्षं, विचारलं. म्हणाले, चार-पाच तरी.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण घरी येताना तेच डोक्यात, की त्या चार-पाच वर्षांतल्या प्रत्येक शनिवारी तीस-चाळीस माणसं माझ्यासाठी उशिरा घरी गेली. त्यांनाही मुलं होती, त्यांचीही सकाळची शाळा सुटलेली असणार. काकांचा मुलगा चहा घेऊन आला, माझ्याच वयाचा आहे.

पानगळ :
तुमच्या त्या शनिवारांत मी दोन्हीकडे आहे. काय लिहावं सुचत नाही. त्या मुलाशी बोललात का?

चाफेकळी :
बोलले. तो म्हणाला, शनिवारी बाबा उशिरा येतात एवढंच माहीत होतं, कारण आज कळलं. मग म्हणाला, "तुम्हाला रंग ओळखता येतो अजून?" येतो म्हटलं. म्हणाला, "मलाही. बाबांनी घरी चुलीवर शिकवला."

जुना_फिटर :
ताई, त्या माणसांनी कुरकुर केली असती तर साहेबांना कळलंच असतं. फाउंड्रीत काही लपत नाही. पण केली नाही म्हणून त्रास झाला नाही असंही नाही. दोन्ही लिहा.

हिशेबनीस :
एक व्यवहाराचं विचारतो. शनिवारच्या त्या तासांचा ओव्हरटाइम मिळायचा का? हजेरीपुस्तकं असतील तर बघा.

चाफेकळी :
काकांना तेही विचारलं होतं. मिळायचा. आणि तो कारखान्याच्या खात्यातून निघत नव्हता. पगाराची पाकिटं आमच्या घरी आई भरायची, शनिवारचं ती वेगळं मोजायची. म्हणजे तिला माहीत होतं. काल विचारलं तर म्हणाली, "मग, तुला सोडायला कोण जायचं?"

दादाला फोन करून ती ओळ काढायला सांगितली. लेख शनिवारपासून सुरू करतेय. फोरमनकाका, आई, ओव्हरटाइमची पाकिटं, त्या मोल्डरची गोष्ट, सगळं घेणार. दादा म्हणतो मोल्डरचं नको. त्यावर अजून भांडण चालू आहे.

माईची_लेक :
मोल्डरचं राहू दे. भांडणाला आम्ही सगळे तुझ्या बाजूने. लेख झाला की इथेही टाक.

पानगळ :
मोल्डर अजून असेल तर त्याला विचारून घाला.